डबी एकाची, सीडी दुसऱ्याची

जुन्या सीडी-डीव्हीडी विकत घेणारा माणूस घरी आला तेव्हा मी आधीच वैतागलेली होते. महिनाअखेरीला घर रिकामं करून द्यायचं होतं, आईला माझ्याकडे न्यायचं होतं, आणि बाबा जाऊन चार महिने झाले तरी त्यांच्या चारशेच्या वर सीडी भिंतीला पाठ लावून ठाण मांडून बसल्या होत्या. माझ्या दोन खोल्यांत आईचं कपाटच कसंबसं मावणार होतं.

सीडीवाला चष्मा कपाळावर चढवून जमिनीवर बसला. पहिली डबी उघडली, आतली सीडी खिडकीच्या उजेडात तिरकी धरून ओरखडे पाहिले, मग डबीवरचं नाव वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. डबीवर युद्धाचा सिनेमा, आत व्यायामाचे धडे. दुसरीवर भुताचा सिनेमा, आत लहान मुलांची कार्टून. त्याने आणखी दहा-बारा उघडल्या. एक रिकामीच निघाली, आणि बाकी एकीतही जी असायला हवी ती नव्हती.

"ताई, इथे सगळेच भाडेकरू दुसऱ्याच्या घरात घुसलेत," तो म्हणाला. "जोडी जुळल्याशिवाय मी घेत नाही. नुसती सीडी कोण घेणार?"

मी कपाळावर हात मारला. हा बाबांचा जुना आळस. नवी सीडी लावायची म्हणजे आधीची प्लेअरमधून काढायची, आणि हातात जी डबी उघडी असेल तिच्यातच कोंबून मोकळं व्हायचं. कपाट दोन पावलांवर, पण तेवढंही जिवावर यायचं. मी किती वेळा बोलले असेन. "माझ्या डोक्यात सगळं आहे," म्हणायचे. आता बसा शोधत ते डोकं.

आई दारात उभी होती. "विकायच्या तर खुशाल विका," ती म्हणाली, "पण दादाची सापडेपर्यंत एकही डबी या घराबाहेर जाणार नाही."

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. एकोणिसाव्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि गेला. त्याला आता सतरा वर्षं होतील. जाण्याच्या आदल्या वर्षी त्याने मित्राचा कॅमेरा घरी आणला होता आणि स्वयंपाकघरात आईच्या मागे मागे फिरत अकरा मिनिटं शूटिंग करून त्याची सीडी बनवली होती. त्यात तो दिसत नाही, नुसता बोलतो. दादाचा आवाज म्हणून जगात तेवढाच उरला होता. तो गेल्यावर पहिलं वर्षभर आई ती सीडी रोज लावायची. मग एक दिवस मागितली तर बाबा म्हणाले, सापडत नाही. त्यानंतर कधीही विचारलं तरी हेच, वर एक शब्द जास्त नाही. त्यांनी ती मुद्दाम फेकून दिली अशी आईची खात्री होती. दादा गेला तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. "दगड आहे, दगड," ती मला म्हणायची, तेही त्यांना ऐकू जाईल अशा बेताने.

सीडीवाला उठून गेला असता तर मला नवल वाटलं नसतं. पण त्याने बाह्या वर केल्या. आम्ही तिघांनी सगळ्या डब्या जमिनीवर मांडल्या, सीड्या एका चादरीवर काढल्या आणि जोड्या लावायला बसलो. तो नाव वाचायचा, आम्ही दोघींनी शोधायचं. दुपार तशीच गेली. दादाची डबी मध्येच आईच्या हाताला लागली. त्यावर पेनाने त्याच्या गिचमिड अक्षरात "चाचणी" लिहिलेलं. आत एक विनोदी सिनेमा होता. चादर रिकामी झाली तरी त्या डबीची सीडी काही निघाली नाही.

"बघ," आई म्हणाली. "टाकलीच शेवटी."

सीडीवाला मान खाजवत होता. "काकू, प्लेअर कुठे आहे? काकांची पद्धत बघता शेवटची लावलेली सीडी डबीत जाणारच नाही. ती काढायला पुढची लावावी लागते ना."

प्लेअर टीव्हीखाली होता. मी वायर लावली, बटण दाबलं. ट्रे घरघरत बाहेर आला आणि त्यात दादाची सीडी होती.

आईने दोन्ही हात तोंडावर घेतले. "म्हणजे शेवटी हीच बघत होते?" ती म्हणाली. मग चष्मा पुसून टीव्हीसमोर येऊन बसली. मी ट्रे आत ढकलला. प्लेअर बराच वेळ कुरकुरला आणि पडद्यावर अक्षरं आली, सीडी वाचता येत नाही. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

सीडीवाल्याने ती उजेडात धरली. मलाही दिसलं. एक-दोन ओरखडे नाहीत, सगळा तळच धुरकट झालेला. मधल्या भोकाच्या कडेला काहीतरी पांढरं वाळलं होतं. त्याने ते नखाने खरवडून वास घेतला.

"टूथपेस्ट," तो म्हणाला. "कोणीतरी सांगतं, पेस्टने ओरखडा जातो. हलक्या हाताने एकदा केलं तर जातोही. ही मात्र वर्षानुवर्षं घासलीय."

"तुमच्याकडे ओरखडे घालवायचं मशीन असतं ना, त्यावर काही होईल?" मी विचारलं.

"तेव्हाच आणली असती तर पाच मिनिटांचं काम होतं, ताई. आता खाली काही उरलंच नाही."

आई सीडीकडे बघत होती. "टूथपेस्ट पंधरा दिवसांत संपायची," ती म्हणाली. "मी यांना म्हणायचे, दात उरलेत चार, पेस्ट पोळीला लावून खाता की काय? नुसते हसायचे." आणि ती रडायला लागली. बाबांसाठी रडताना मी तिला पहिल्यांदा पाहिलं.

मला मात्र बाबांचा भयंकर राग आला. एक शब्द बोलले असते तर! "सांगायचं ना, ओरखडा पडलाय म्हणून," मी म्हणाले.

"कोणाला? मला?" आई म्हणाली. "मी त्यांना जगू दिलं असतं का?"

सीडीवाल्याने डब्या पोत्यात भरल्या. आईने अडवलं नाही. तो गेल्यावर खोली एकदम मोठी वाटायला लागली. आई भिंतीला टेकून बसली होती.

"त्यातलं सगळं पाठ आहे गं मला," ती म्हणाली. "'आई, इकडे बघ ना. आई, हस की जरा.' शब्द न् शब्द. पण आवाज आठवत नाही. कसा बोलायचा तो? तू म्हणून दाखव."

मी तिच्याजवळ बसले. "आई, इकडे बघ ना," असं दादासारखं म्हणायला तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. मलाही आठवत नव्हता.