तुडुंब भरलेलं पिंप

आधी हात बाजूला घ्या, मग ऐका. मी रमचं पिंप बोलतोय. बार्बाडोस बेटाच्या उत्तर टोकाला, सेंट लूसीत, एका लहानशा भट्टीच्या गोदामात माझा मुक्काम आहे. माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

त्याला कारण आहे. माझा जन्म अमेरिकेतला, ओकच्या लाकडातून. ज्या कारागिरानं मला बांधलं, त्यानं माझ्या पोटात चक्क जाळ पेटवला. म्हणे, त्यानं चव येते! मग माझ्यात व्हिस्की भरली, काही वर्षांनी काढून घेतली आणि मला सरळ जहाजावर चढवलं. तेव्हापासून कुणी गोड बोलू लागलं की मी सावध होतो.

इथं माझ्यात उसाच्या मळीची रम भरली. इथल्या उन्हात ती दर वर्षी थोडी थोडी हवेत उडून जाते. लोक म्हणतात, हा देवदूतांचा वाटा. मला त्या देवदूतांचाही संशय येतो. कुणी पाहिलेत त्यांना?

माझा भरवसा होता तो फक्त हॅलम गिटन्सवर. गोदाम सांभाळणारा हा म्हातारा जुन्या वर्षाच्या शेवटच्या दुपारी झारी घेऊन यायचा, माझं बूच काढायचा आणि शेजारच्या कोवळ्या पिंपातली रम ओतून मला गळ्यापर्यंत भरायचा. ही त्याच्या वडिलांची रीत. "नवं वर्ष कोरड्या पोटानं लागू नये, राजा," असं म्हणत माझ्या पाठीवर थोपटायचा. इतकी माया मला दुसऱ्या कुणी लावली नाही.

थोरले मालक वारले आणि त्यांची मुलगी वर्नेल ब्रिजटाउनमधली नोकरी सोडून भट्टी चालवायला आली. भट्टीला घरघर लागली होती. शेजारचा हॉटेलवाला जमिनीवर डोळा ठेवून रोज फेरी मारायचा. अशात हॅम्बुर्गच्या एका व्यापाऱ्यानं कळवलं, बारा वर्षांची रम असेल आणि बाटलीवर संघाचा शिक्का असेल, तर मी सगळी घेतो. तेवढं जमलं तर भट्टी वाचणार होती.

हा संघ म्हणजे बेटाबेटांवरच्या आणि आसपासच्या किनाऱ्यावरच्या रम करणाऱ्यांचा. रम इथलीच आहे आणि सांगितलेल्या वयाचीच आहे, अशी खात्री पटली की तो शिक्का देतो. परदेशातल्या प्रदर्शनात आपल्या गाळ्यात बाटली मांडतो, गिऱ्हाईक गाठून देतो, लहान भट्ट्यांना काम शिकवतो. हे ऐकून माझ्या मनात पाल चुकचुकली. त्या संघात बड्या भट्ट्यांचे मालकही बसतात. लहानांचं भलं करून त्यांच्या पदरात काय पडणार?

संघाकडून लिस्ट्रा मॉन्क्रीफ नावाची बाई तपासायला आली. हातात नमुना काढायची काचेची लांब नळी, नजर सगळीकडे. ही बड्यांची हेर, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं.

तिनं मला खालपासून वरपर्यंत ठोकून पाहिलं. "हे किती वर्षांचं?"

"बारा," वर्नेल अभिमानानं म्हणाली.

"बारा वर्षं, आणि गळ्यापर्यंत भरलेलं? निम्म्याहून जास्त उडून जायला हवी होती. तुमच्याकडचे देवदूत उपासाला बसलेत की काय?"

हॅलम खो खो हसला. "उपास त्यांचा नाही, मॅडम. मीच दर वर्षी याला पोटभर पाजतो ना!"

"काय पाजता?"

"आपली दोन वर्षांची रम. त्यानं काय होतंय? पिंप बाराचंच राहतं की. म्हाताऱ्याला जेवू घातलं म्हणून म्हातारा लहान होतो का?"

कुणीच हसलं नाही. लिस्ट्रा हळू आवाजात म्हणाली, "काका, आम्ही जेवणाऱ्याचं वय बघत नाही, जेवणाचं बघतो. आतला सगळ्यात कोवळा थेंब जेवढ्या वर्षांचा, तेवढंच वय बाटलीवर लिहायचं."

वर्नेलचा चेहरा उतरला. ती लिस्ट्राला माझ्या आडोशाला घेऊन गेली. "मॅडम, हे आपल्यातच राहिलं तर? हॅम्बुर्गवाल्याला काय कळतंय?"

आता ही गप्प बसण्याची किंमत सांगणार, म्हणून मी कान टवकारले.

"त्याला नाही कळणार," लिस्ट्रा म्हणाली. "पण एकदा तुझी बारा वर्षं खोटी निघाली, की गयानापासून जमैकापर्यंत सगळ्यांच्या बाटल्यांकडे लोक वाकड्या नजरेनं बघतील. बडे लोक मला तुझ्या दारात उगाच पाठवत नाहीत. त्यांनाही तुझी भीती वाटते. शिक्का देते, पण दोन वर्षांचा. बोल."

हॅलमनं टोपी काढून हातात चुरगाळली. "पोरी, तुझ्या बापाची रम मी नासवली का गं?"

वर्नेल माझ्या आडून बाहेर आली. मग म्हणाली, "दोन लिहा, मॅडम. आणि काका, टोपी घाला. ऊन आहे बाहेर."

हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्यानं पाठ फिरवली. वर्नेलला उसाचं एक शेत हॉटेलवाल्याला विकावं लागलं. पण संघानं तिची दोन वर्षांची बाटली आपल्या गाळ्यात मांडली, आणि हॉलंडमधल्या एका दुकानदारानं थोडा माल उचलला. भट्टी चालू आहे. जिला मी हेर समजलो ती बाई सरळ निघाली, आणि घात केला तो मायेनं. हे मला अजून पचलेलं नाही. मला फार वाईट वाटतं.

आता माझ्यात नवी रम आहे. या वेळी बारा वर्षं खरीखुरी मोजायची, असं वर्नेलनं ठरवलंय. पातळी हळूहळू खाली जातेय आणि मला पोटात रिकामं रिकामं वाटतं, पण मी तक्रार करत नाही. मला उघडतील तेव्हा हॅलम असेल का, ठाऊक नाही. वाचकहो, तो असला तर पहिला घोट त्यालाच द्या. फक्त तोवर तो माझ्याजवळ येताना दिसला, तर त्याच्या हातात झारी आहे का, तेवढं जरा बघा.