अजाम्बोचे एकशे सेहेचाळीस दिवस

नेरिमाच्या सहा वर्षांच्या लेकीला, अजाम्बोला, सोमवारी पहिलीच्या वर्गातून परत पाठवलं. मुख्याध्यापक वेरे मास्तरांचं म्हणणं एवढंच होतं की पोरगी पेन्सिल मुसळासारखी धरते, तेव्हा आधी बालवाडी करून या. नेरिमाने विचारलं, सरकारी बालवाडी आहे कुठे? मास्तरांनी पूर्वेला हात केला. पूर्वेला ओढा होता आणि ओढ्यापलीकडे केनिया.

बुधवारी युगांडाच्या राजधानीतून, कंपालाहून, किर्या नावाचा एक तरुण साहेब बालवाड्यांचे आकडे सांगायला आला. सगळ्यांना सोडा पाजून झाल्यावर त्याने आंब्याच्या झाडाला एक तक्ता टांगला. तक्त्यावर दोन पट्ट्या होत्या, केनियाची हातभर, युगांडाची बोटभर. साहेबाने सांगितलं की पलीकडे जन्मलेल्या मुलाच्या वाट्याला बालवाडीची दोन पूर्णांक दोन वर्षं येतात आणि अलीकडच्या मुलाच्या वाट्याला शून्य पूर्णांक चार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाहुणा बोलायचा थांबला की टाळ्या वाजवायच्या असतात.

नेरिमाने वाजवल्या नाहीत. कसाव्याचे तळलेले कंद विकताना तिला पूर्णांकांची कधी गरज पडली नव्हती, म्हणून तिने उठून विचारलं की शून्य पूर्णांक चार म्हणजे दिवस किती. साहेबाने फोनवर गुणाकार केला. एकशे सेहेचाळीस. कुणीतरी प्रश्न विचारला याचाच त्याला आनंद झाला होता, बिचाऱ्याला.

"मग माझ्या पोरीचे द्या," नेरिमा म्हणाली. "आणलीय मी तिला."

अजाम्बो पुढे येऊन उभी राहिली. तिने तोंडही धुतलं होतं.

साहेब घाईघाईने समजावू लागला. ही सरासरी आहे, म्हणाला. कुणाला तीन वर्षं मिळतात, बहुतेकांना काहीच मिळत नाही, सगळं एकत्र करून सारखं वाटलं तर हा आकडा येतो. पण वाटलं कुठंय, नेरिमाने विचारलं. कागदावर, साहेब म्हणाला. मग अजाम्बोचे दिवस नेले कुणी? ते असं नावानिशी सांगता येत नाही, साहेब म्हणाला.

गावाला मात्र सांगता येत होतं. सगळ्या माना गावच्या चेअरमनकडे, ओचिएनोंकडे वळल्या. त्यांचा नातू शहरातल्या खासगी बालवाडीत तीन वर्षं होता, आणि तिथली लापशी आवडते म्हणून चौथ्या वर्षीही बसला होता. पदवीदानाचा काळा झगा आणि चौकोनी टोपी घातलेला त्याचा फोटो चेअरमनच्या बैठकीत बिशपच्या फोटोशेजारी लावलेला होता. त्यापुढे बिशप जरा कमी शिकलेले वाटत.

"मी फी भरली. चोरी नाही केली," चेअरमन म्हणाले.

"हापशावर तुमचाही डबा रांगेतच लागतो ना, चेअरमनबाबा?" नेरिमा म्हणाली. " तोच डबा चौथ्यांदा भरायला लागलात, आणि मागच्या पोरींचे डबे अजून कोरडे, तर बाया काय करतील?"

बाया काय करतात ते चेअरमनना ठाऊक होतं. त्यांच्या थोरल्या सुनेचा डबा एकदा ओढ्यात सापडला होता. शिवाय निवडणूक जवळ आली होती. गुरुवारी सकाळी त्यांनी नातवाचं बालवाडीचं प्रमाणपत्र नेरिमाच्या घरी पोहोचतं केलं. नातवाचं नाव खोडून वर 'अजाम्बो' लिहिलेलं होतं. सोबत झगाही होता.

नेरिमाला तो कागद चुलीत घालावासा वाटला. पण पोरगी शाळेत जायला हवी होती. तिने झगा तेवढा ठेवून घेतला, चूल पुसायला, आणि कागद व अजाम्बोला घेऊन शाळा गाठली.

वेरे मास्तरांनी खाडाखोडीवरच शिक्का मारला आणि म्हणाले, "जा, आत बस."

"मास्तर, सोमवारी हिला पेन्सिल धरता येत नव्हती."

"आता कागद आहे ना, अजाम्बोची आई."

"अजूनही मुसळासारखीच धरते."

"ते फायलीत नाही."

सोमवारी पोरीला हाकललं ते पेन्सिलसाठी नव्हतंच तर. लेकीचा हात धरून नेरिमा वर्गात शिरली. आत चौऱ्याण्णव पोरं होती. सगळ्यांत मागे भिंतीला टेकून ती खाली बसली आणि अजाम्बोची बोटं एकेक करून पेन्सिलीवर बसवू लागली. ती स्वतः चौथीपर्यंत शिकलेली होती. एवढं तिला येत होतं.

थोड्या वेळाने शेजारचं पोरगं आपली मूठ घेऊन सरकत आलं. मग त्याची बहीण आली. घंटा होईपर्यंत मुसळवाले अकरा जण झाले. त्या अकराही जणांकडे बालवाडीचा कागद होता, हे मास्तरांना आज प्रथमच दिसलं असावं. ते मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, पालकांनी वर्गात बसणं नियमात नाही.

"मग लिहून घ्या तसं," नेरिमा म्हणाली. एका डावखुऱ्या पोराच्या मुठीतून ती पेन्सिल सोडवत होती. "पण आधी बाजूला व्हा. उजेड अडतोय."