थंडी आली की

टप्.

पहाटेच्या शांततेत अंगणातल्या परातीत थेंब पडला आणि मी पुन्हा डोळे मिटले. हिवाळ्यात आम्ही नळ जरा ढिला ठेवतो, म्हणजे नळी गोठून फुटत नाही. कडाक्याचा गारठा पडला तर मात्र तो थेंबही थांबतो. थेंब पडतोय म्हणजे गारठा नाही. आणि गारठा नाही म्हणजे सिरवान नाही.

सिरवान, माझा नवरा, तेहरानजवळ वीटभट्टीवर विटा थापतो. गारठा पडला की ओल्या विटा रात्रीत तडकतात, भट्टी बंद होते आणि आमच्या डोंगरातली माणसं घरी येतात. वसंतात परत जातात. माझा संसार म्हणजे तेवढा हिवाळा. यंदा तो आलाच नाही. मोठा चिल्ला, कडाक्याच्या थंडीचे ते चाळीस दिवस, कोरडा गेला, त्यामागचा धाकटाही गेला, गव्हावर बर्फाचं पांघरूण काही पडलं नाही. आमची लेक हेरो विचारायची, बाबा कधी येणार? मी म्हणायचे, थंडी आली की. पोर रोज खिडकीच्या काचेला गाल लावून बघायची.

ऊब बघून गहू फसला. वसंतातल्या नवरोजला अवकाश होता, तरी त्यानं कांडी धरली, भराभर वर आला. रानओटाचं तण त्याच्या पायाशी दाटलं. एरवी बर्फाखाली मरायचे ते गव्हाचा रस शोषणारे ढेकूण डोंगरातल्या ओकच्या पाचोळ्यातून लवकर उठले. एक तर आमच्या उशीवर सापडला.

दाया, माझी सासू, आणि मी रोज निंदायला जायचो. हेरो बांधावर उपटलेलं तण बकरीला भरवायची. गहू आणि रानओट कोवळेपणी जुळे दिसतात. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात सिरवाननं याच वाफ्यात माझं बोट धरून दाखवलं होतं: गव्हाच्या पानाला बुडाशी दोन इवल्या नख्या असतात, त्या खोडाला मिठी मारून बसतात. रानओटाला त्या नसतात. "मिठी मारतो तो आपला," तो म्हणाला होता. अजूनही पान उलटताना माझं बोट तिथं जरा जास्तच रेंगाळतं.

दायाच्या नजरेतून ते सुटायचं नाही. "पोरी, तण काढ. पानं कुरवाळून गहू वाढत नाही."

एकदा पाठ ताठ करत ती आकाशाकडे बघून म्हणाली, "आता कांडीत कणीस बसलंय. आता गारठा आला तर सगळं उभ्या उभ्या जळेल. देवा, आता नको रे." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझा कान नळाकडं असतो, ठाऊक आहे मला. मीही भट्टीवाल्याचीच बायको होते."

मी खाली वाकून पुढचं तण उपटलं.

आणि एका पहाटे जाग आली ती शांततेनं. थेंब नव्हता. मी तशीच पडून राहिले आणि, खरं सांगते, आधी गहू आठवलाच नाही. उठले, केस धुतले, कणीक जास्त मळली. हेरोच्या कानात सांगितलं, थंडी आली. ती अनवाणीच अंगणात पळाली.

ऊन वर आल्यावर दाया शेतातून गव्हाची मूठभर ताटं घेऊन आली. चुलीपाशी बसून तिनं एकेक कांडी नखानं उभी चिरली. आत कोवळ्या कणसाचं पांढरं, टणक टोक हवं होतं. होतं ते तपकिरी, पाणचट. सगळ्या कांड्यांत तसंच.

"रानओट?" मी विचारलं.

"तो कसा मरेल? तो अजून जमिनीलाच चिकटून होता. हिरवागार आहे मेला."

तेवढ्यात फोन वाजला. सिरवान हसत होता. म्हणाला, विटा तडकल्या, भट्टी बंद, संध्याकाळच्या गाडीनं निघतो. हेरो केवढी झाली, मला ओळखेल ना, असं काहीबाही विचारत राहिला. मग आवाज उतरला. "तिकडं पण पडला का गारठा? गहू कसा आहे?"

दायानं माझा हात धरला. हळूच म्हणाली, "सांगू नकोस. येऊ दे त्याला."

ताटं तिच्या मांडीवर चिरलेली पडली होती. त्यांच्या पानांना बुडाशी त्या नख्या अजून तशाच होत्या.

"गेला," मी म्हणाले. "सगळा."

तो म्हणाला, आता वर्षाचा गहू विकत घ्यावा लागणार; दोघं-तिघं दक्षिणेला बंदरावर निघालेत, घरी न येता त्यांच्याबरोबरच जावं लागेल. "तिथं काम बंद पडत नाही, शिलान. तिथं थंडीच पडत नाही."

मी फोन ठेवला. दाया ताटं गोळा करायला लागली. एकही काडी तिनं चुलीत घातली नाही. पदरात घेऊन बकरीकडे गेली.

दार ढकलून हेरो आत आली. परातीतली बर्फाची चकती तिनं दोन्ही हातांत धरली होती, बोटं लालबुंद झाली होती, आणि कोपरावरून थेंब जाजमावर पडत होते.

"आई, ही थंडीच आहे ना?"

मी मान हलवली.

तिनं चकतीच्या वरून दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मग बाबा कुठंय?"