चकोटच्या बांधावरची लावरी

भांडण झालं ते बांधावरच्या गवतावरून.

शेताच्या मालकाला सगळं गाव चकोट म्हणायचं, आणि ते नाव त्याने स्वतःच्या हाताने कमावलेलं होतं. हनुवटीवर खुंट नाही, अंगणात काडी नाही, शेतात तण नाही. त्याच्या शेतात तणसुद्धा विचारून उगवतं, असं लोक म्हणत. त्या दिवशी तो सकाळीच विळा घेऊन बांधावर बसला आणि जेवणवेळेपर्यंत सगळा बांध बोडका करून मोकळा झाला.

थोरली, म्हणजे त्याची बायको, जेवणाचा डबा घेऊन आली आणि बांध बघून जागीच थांबली.

"अंडी कुठंयत?"

"कसली अंडी?"

"लावरीची. त्या कोपऱ्यातल्या झुबक्याखाली होती."

चकोटने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "मघाशी कावळे उतरले होते खरे. अगं, पाखरू ते! जाईल दुसरीकडे. जगात काय गवताचा तोटा आहे?"

"जगात नसेल, या घरात आहे. इतकी वर्षं तुमच्या खोकल्याशिवाय मला दुसरा आवाज नाही. सकाळी एक पाखरू बोलत होतं, तेही तुमच्या डोळ्यांत खुपलं!" तिने डबा खाली ठेवला. "ज्या दिवशी तुमच्या शेतात लावरी बोलेल, त्या दिवशी मी घरी येईन. तोवर भांडी घासा."

आणि गेली. लांब नाही, बांध ओलांडून पलीकडे, धाकटीकडे. धाकटी ही चकोटच्या वारलेल्या भावाची बायको. तिचं शेत चकोटला डोळ्यांसमोर नको असायचं. झोपेतून उठलेल्या डोक्यासारखं, जिकडे तिकडे पिंजारलेलं. पण लावऱ्या होत्या त्या तिकडेच.

संध्याकाळपर्यंत येईल, असं चकोटला वाटलं. संध्याकाळ झाली, भाजी करपली, दूध उतू गेलं, थोरली काही आली नाही. आठवड्याभरात तो भाजी न करपवता करायला शिकला, तरी घास गिळवेना. घर इतकं स्वच्छ आणि इतकं गप्प झालं होतं, की स्वतःच्या पावलांचा आवाजही त्याला नकोसा वाटायला लागला.

मग त्याने लावरी आणायचं मनावर घेतलं. आता हा माणूस काय करणार? जे येतं तेच. रानातून गवत कापून आणलं, त्याच्या सारख्या मापाच्या पेंढ्या बांधल्या, दोरी धरून एका ओळीत उभ्या केल्या. मधली जमीन झाडली. ताटलीत दाणे ठेवले, वाटीत पाणी. पाखराला बसायला एक काठीही रोवली, छान रंगवून. लावरी आली नाही. उंदीर मात्र सहकुटुंब आले.

पलीकडून दोघी जावा मजा बघत होत्या.

"भावजी, उशी ठेवायची राहिली!" धाकटी ओरडली.

"तू तुझं काम कर!"

"अहो, ती काठी कशाला?" थोरलीला राहवेना. "लावरी काय पोपट आहे? तिचं जन्मापासून सगळं जमिनीवर. अंडीसुद्धा गवताच्या बुडाशीच घालते."

"मग गवत दिलंय की!"

"मेलेलं! जितं गवत लागतं, आपलं आपण वाढलेलं. वरून झाकण, बुडाशी मोकळी माती. पिल्लं अंड्यातून निघाली की त्याच दिवशी आईमागे पळायला लागतात. ती पळणार कुठून? आणि तुमचे दाणे मोठ्यांना. पिल्लांना किडे लागतात, किडे! तुमच्या शेतात किडासुद्धा पाय पुसून येतो."

ही सगळी विद्या फुकटात मिळाली, पण चकोट पडला तरी नाक वर. त्याने जवळची वाट धरली. दुसऱ्या दिवशी पहाटे तो सरीत पालथा पडला, तोंडावर हाताचा द्रोण केला आणि लावरीचा आवाज काढला, "पिट्-पिलिट्! पिट्-पिलिट्!" बरा काढला. तिसऱ्यांदा काढताना नाकात माती गेली आणि लावरीला खोकल्याची ढास लागली.

"धाकटे, ऐकलंस का?" पलीकडून थोरलीचा आवाज आला. "पाखराला काढा दे गं!"

दुपारपर्यंत ही गोष्ट गावभर झाली. कमरेला विळा तसाच खोचून चकोट दाढी करायला गेला तर न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला. हसताना हात हलतो म्हणे.

"हस बाबा, हस," चकोट म्हणाला. "पण माझं घर बसायची वेळ आलीय."

न्हाव्याचं हसू ओसरलं. मग साबण फेसत म्हणाला, "काका, मी दाढी करतो म्हणजे काय करतो? उगवलेलं काढतो. तुम्हाला आता उलटं करायचंय. काही करू नका."

"तेच तर जमत नाही रे. हात शिवशिवतात."

"मग विळा इथं ठेवा. मागितलात तरी देणार नाही."

चकोटने विळा न्हाव्याच्या खुंटीला टांगला आणि जड पावलांनी घरी आला. नंतरचे दिवस त्याने कसे काढले, ते त्यालाच ठाऊक. गवत घोट्याला लागलं, मग गुडघ्याला. तणाला फुलं आली, बी धरलं, नाकतोडे उड्या मारायला लागले. येणारा जाणारा विचारायचा, "काय चकोट, तब्येत बरी नाही का?" तो हात मागे बांधून उभा राहायचा आणि दात आवळून म्हणायचा, "झकास आहे."

आणि एका सकाळी बांधाच्या त्याच कोपऱ्यातून आवाज आला. पिट्-पिलिट्! पिट्-पिलिट्!

चकोट अंगणात उभ्या उभ्या रडला. मग पलीकडे कान लावून बसला.

"खोकला बरा झाला वाटतं!" थोरली ओरडली, आणि दोघी खो खो हसल्या.

घ्या! करून बसला होता सोंग, आता खऱ्याला कोण विचारतो? ओरडून सांगावं तर पाखरू बिथरणार. जवळ जाऊन दाखवावं तर त्याने लांबूनच पाहिलं होतं, बोलणारा नर कडेला होता आणि मादी आत गवतात अंगाखाली अंडी घेऊन बसली होती. एकदा अंडी घालवली होती, पुन्हा नाही. रोज सकाळी नर बोलायचा, रोज पलीकडे हसू फुटायचं, आणि हा तोंड मिटून ऐकायचा. आयुष्यात पहिल्यांदाच तो खरा होता आणि गप्प होता.

शेवटी एका सकाळी त्याने स्वच्छ सदरा घातला, बांध टाळून रस्त्याने लांबचा वळसा घातला आणि धाकटीच्या दारात जाऊन उभा राहिला. थोरली बाहेर आली.

"काय?"

चकोटने ओठांवर बोट ठेवलं.

"अहो, बोला की! इतक्या लांबून मुकं व्हायला आलात?"

तो बोलेना. दुसरा हातही त्याने तोंडावर दाबून धरला. आणि मागे, त्याच्या शेतातून, ऐटीत आवाज आला. पिट्-पिलिट्!

थोरलीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग शेताकडे. मग परत तोंडाकडे.

"अगं बाई," धाकटी म्हणाली, "हे तर इथं आहेत!"

थोरली आत गेली, गाठोडं बांधलं, डोळे पुसून बाहेर आली आणि सवयीने बांधाकडे वळली. चकोट दोन्ही हात पसरून आडवा आला.

"इकडून नको! अंडी आहेत. रस्त्याने चल."

"लांब पडतं."

"पडू दे."

दोघं रस्त्याने निघाली, तो पुढे, ती मागे. वाटेत न्हाव्याचं दुकान लागलं. न्हाव्याने दोघांना पाहिलं, हसू दाबलं आणि खुंटीवरचा विळा काढून पुढे केला. "काका, आता न्यायचा का?"

चकोटचा हात आपोआप पुढे गेला. त्याआधी थोरलीचा पोचला. विळा तिने गाठोड्यात घातला आणि गाठ करकचून आवळली.

"हा माझ्याजवळ राहील," ती म्हणाली. "चला, भूक लागली असेल."