गळ्यातली कोंबडी

"मेलेली कोंबडी कुत्र्याच्या गळ्यात ठेवू देऊ नकोस, टेगन. ती घाण गळ्यात राहत नाही, घरात शिरते."

हे मला ग्वेन्डा आंटीने सांगितलं होतं. आंटी म्हणजे माझ्या नवऱ्याची, रीसची आत्या. गावातलं पोस्ट ती चालवते आणि प्रत्येक पार्सलबरोबर एक सल्ला फुकट देते. मी मान डोलावली, विनीला कडेवर घेतलं आणि बाहेर पडले. बाकी सगळं गाव उलट सांगत होतं, मग एकट्या आंटीचं काय ऐकायचं?

आमच्या मागच्या अंगणात तेव्हा सहा कोंबड्या होत्या. त्यातली टोस्ट ही विनीची. विनी म्हणजे माझी लेक, दोन वर्षांची, आणि टोस्ट तिच्या मांडीवर एखाद्या म्हाताऱ्या बाईसारखी पाय दुमडून बसायची. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोघींवर लक्ष ठेवून असायचे. माझं लक्ष कायमच असतं. रीस म्हणतो, हिच्या डोळ्यांना पापण्याच नाहीत. पण त्या दिवशी किटली उकळली म्हणून मी वळले आणि तेवढ्यात पत्र्याच्या कुंपणाखालून शेजारच्या पास्कोचे कुत्रे आत आले. पुढे बोल्ट, थोराड, तांबडा, मेंढ्या वळायच्या जातीचा. मागून नट, पिल्लाएवढाच, एक पाय उचलून लंगडत, जिथे बोल्ट तिथे हा.

मी धावत पोचले तोवर टोस्टचं व्हायचं ते होऊन गेलं होतं. विनीला साधा ओरखडाही नव्हता. पण तिच्या फ्रॉकवर, घसरगुंडीवर, तिच्या मुठीत टोस्टच्या पोटातलं सगळं होतं, ऊन ऊन, ओलं. आणि ती ते मला दाखवून विचारत होती, "टोस्ट?"

मी तिला धुतलं. मग पुन्हा धुतलं. मग स्वतःचे हात धुतले आणि सिंकमध्ये ओकले.

पास्को आला तो टोपी हातात धरून. आमच्या शेजारी एकटाच राहतो. आयुष्यभर गव्हाच्या कोठारांवर काम केलं, बायको आयरीन गेली त्याला बराच काळ झाला. अंगणातलं रक्त त्याने पाहिलं आणि विनीकडे बघायचं टाळलं.

"कौन्सिलला कळवणार असशील, पोरी."

"कळवायला नको? आज कोंबडी होती, मिस्टर पास्को. उद्या ही असली तर?"

"ऑबरी म्हण गं. एवढं ओरडतेयस तर नावाने तरी ओरड." तो हसला नाही. "त्यांची गाडी येते. त्या गाडीतून गेलेला कुत्रा परत आलेला मी अजून पाहिला नाही. माझ्या घरात माझ्याशिवाय श्वास घेणारे हे दोघंच आहेत."

फोन माझ्या खिशातच होता.

"मला एकदा संधी दे," तो म्हणाला. "माझ्या बापाने केलेला उपाय आहे. मारलेली कोंबडी कुत्र्याच्याच गळ्यात बांधायची. सडून गळून पडेस्तोवर. मग जन्मात पिसाकडे बघायचा नाही. आणि तोवर दोघांना साखळीला ठेवतो. शब्द देतो."

टोस्टला मी पुरायला म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळलं होतं. तो पुडा त्याने माझ्याकडून मागून घेतला. कुंपणाच्या पलीकडे बोल्टला गुडघ्यांत दाबून त्याने गवताच्या गठ्ठ्यांची निळी सुतळी टोस्टच्या पायांना बांधली, मग कुत्र्याच्या मानेभोवती आवळली. टोस्टचं डोकं कुत्र्याच्या छातीवर लोंबत होतं. हे सगळं तो इतक्या प्रेमाने करत होता, बोल्टच्या कानाशी "झालं हं, झालं राजा" म्हणत, की मला त्या प्रेमाचीच शिसारी आली.

गावाला मात्र गंमत वाटली. रीस खाणीवर होता, दोन आठवडे तिकडे आणि एक आठवडा घरी असं त्याचं काम. त्याला फोनवर सांगितलं तर तो खो खो हसला. "अगं, आजोबांच्या कुत्र्याला बांधली होती एकदा! नंतर तो पिसांची उशी बघितली तरी पलंगाखाली जायचा!"

बेकरीत मटण भरलेली गरम पेस्टी घ्यायला गेले तर मागून एकजण म्हणाला, "काय टेगन, तुझ्या कोंबडीला नोकरी लागली म्हणे. राखणदारीची!" सगळे हसले. मीही हसले, न हसून करते काय. पण त्या पेस्टीतून निघणाऱ्या वाफेचा वाससुद्धा मला सहन होईना.

फेब्रुवारी होता, जगाच्या ह्या दक्षिण टोकाला ऐन उन्हाळा. उत्तरेचा वारा भट्टीतून आल्यासारखा यायचा आणि वाटेत पास्कोचं अंगण लागायचं. आधी गोडसर, मग आंबूस, मग जिभेवर बसणारा असा तो वास. दोरीवरच्या चादरींना तो लागला. विनीच्या केसांना लागला, किंवा मला तसं वाटत राहिलं, मी तिचं डोकं हुंगत बसायचे. माश्या आमच्या जाळीच्या दारावर काळ्या पडद्यासारख्या बसायच्या. मी त्या बाजूच्या खिडक्या लावून घेतल्या आणि पडदे ओढले. विनीला समोरच्या खोलीत खेळवायला लागले. पास्को दिसला की आत जायचे.

एकदा मात्र त्याने गाठलंच. मी दाणे टाकत होते, तो कुंपणाशी आला. उजव्या हाताला भांडी पुसायचं फडकं गुंडाळलेलं.

"उपाय लागू पडतोय बरं का, टेगन. गुपचूप पडून असतो."

त्याच्याबरोबर वासाचा असा लोट आला की मी बाहीने नाक दाबलं.

"कधी काढणार ते गळ्यातलं?"

"होईल, होईल." त्याने हात पाठीमागे घेतला. "छोकरी दिसत नाही ती?"

"ह्या दुर्गंधीत तिला बाहेर आणू?" मी म्हणाले. "तुमच्या कपड्यांनासुद्धा येतोय, मिस्टर पास्को. जरा बघा तरी स्वतःकडे."

तो स्वतःच्या शर्टाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरोबर आहे तुझं," आणि गेला. जाताना पायरीवर त्याचा तोल गेला, ते मी पाहिलं. मनात म्हटलं, सकाळीच घेतलेली दिसतेय.

त्यानंतर वारा फिरला, दक्षिणेकडून समुद्राची थंड झुळूक आली आणि मी विनीला अंगणात सोडलं. माझे डोळे तिच्यावरच होते. ती गवतात बसली, काहीतरी उचललं आणि तोंडाकडे नेलं. मी झेप घेऊन हात धरला. तिच्या मुठीत निळी सुतळी होती आणि सुतळीला कोंबडीचे दोन पाय. नुसते पाय.

समोर दोन्ही कुत्रे उभे. साखळ्या नाहीत. बोल्टची मान मोकळी. दोघांच्याही बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. विनी खिदळली, "बोल्त!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दिलेला शब्द, ही नरकयातना, आणि शेवटी त्या मढ्याचे पाय माझ्या लेकीच्या तोंडात! मी तिला उचलून आत नेलं, तिचं तोंड पुसलं, तिला पाळण्यात ठेवून तिच्या हातात बिस्किट दिलं, कुत्र्यांना आमच्या कोळशाच्या खोलीत कोंडलं. फोन काढला. कौन्सिलचा नंबर लावणार, एवढ्यात ते पाय पुन्हा नजरेला पडले. फावड्यावर घेतले होते मी, पुरावा म्हणून.

ते वाळून लाकूड झाले होते. मी नाक जवळ नेलं. कसलाच वास नव्हता. सुतळीचं टोक कुरतडलेलं होतं, लहान दातांनी, बारीक बारीक. नट. बोल्टच्या गळ्यातलं औषध नटने कधीच खाऊन संपवलं होतं.

मग कुंपणाशी आलेला तो वास कशाचा होता?

विनीला पाठीवर बांधलं आणि मी पास्कोच्या मागच्या दाराशी गेले. दार उघडंच होतं. आतून तो वास आला, तोच, पेस्टीत, चादरीत मी ज्याला टोस्टचा समजत होते तो, फक्त दसपट. पास्को स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता. समोरच्या कपातल्या चहावर साय धरली होती, सायीवर माश्या. फडकं हाताला चिकटून हाताच्याच रंगाचं झालं होतं, पिवळं, हिरवं, काळसर. कोपरापर्यंत एक लाल रेघ चढलेली.

"आयरीन," तो म्हणाला. मग मला ओळखून, "टेगन. वास येतोय का गं अजून?"

"हाताला काय झालं?"

"तारेने कापलं."

"ऑबरी."

त्याने मान खाली घातली. "नट ती कोंबडी ओढायला लागला. मी सोडवायला गेलो. बोल्टला कळलंच नाही हात कुणाचा ते. त्याची चूक नाही. मीच बांधली होती ना ती."

"डॉक्टरकडे का नाही गेलात?"

"ते विचारणार, कुणी चावलं. मग गाडी येणार." त्याचे दात कडाकडा वाजत होते, त्या कोंदट, उकडत्या खोलीत. "तारेनं कापलं म्हण पोरी. कुणी विचारलं तर तेवढं म्हण."

मी त्याला गाडीत घातलं. काचा उतरवल्या तरी दर थोड्या अंतरावर मला थांबून दार उघडून ओकावं लागलं. हे मी दयेने केलं असं कुणी म्हणू नये. मला किळस येत होती, त्या हाताची, त्या फडक्याची, खो खो हसणाऱ्या गावाची, आणि बाहीने नाक दाबून 'स्वतःकडे बघा' म्हणणाऱ्या माझ्या आवाजाची.

हॉस्पिटलात नर्सने विचारलं तेव्हा पास्को माझ्याकडे बघत होता. मी म्हणाले, "कुत्रा चावलाय. आणि त्या कुत्र्याच्या तोंडाशी सडकी कोंबडी होती." त्याने डोळे मिटले. त्यानंतर हॉस्पिटलात असेपर्यंत तो माझ्याशी बोललाच नाही. पण औषध त्या चाव्याचं मिळालं. दोन बोटं गेली. हात राहिला, माणूस राहिला.

कौन्सिलचा माणूस आला तोही आधी माझ्याकडेच. चाव्याबद्दल मालक काही बोलायला तयार नाही, म्हणाला, आता कोंबडीबद्दल तुमची तक्रार असेल तर सांगा. बोल्ट आमच्या अंगणातल्या खांबाला बांधलेला होता आणि मी त्याच्याकडे पाठ करून उभी होते. विनी खिडकीच्या काचेला नाक लावून उभी होती.

"तक्रार नाही," मी म्हणाले. "कुंपणाखाली सिमेंट घालायचंय. कुणी ओळखीचा असेल तर पाठवा."

पास्कोने हे ग्वेन्डा आंटीकडून ऐकलं. तिने पोस्टात मला निरोप दिला, "म्हातारा विचारतोय, नटला नुसती हाडं घालू नकोस, घशात अडकतात त्याच्या." एवढंच. मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "शिरली ना घरात?"

शिरली. दोन कुत्रे आहेत घरात, आणि परवापासून पास्कोही, रीस सामान ठेवतो त्या खोलीत. मी त्याची पट्टी बदलते तेव्हा तोंडाने श्वास घेते. त्याला ते दिसतं. तो म्हणतो, "नाक धर हवं तर, टेगन, मला राग नाही." मी धरत नाही.

तुमच्या शेजारीही कुणीतरी एकटं राहत असेल. त्याचे कुत्रे तुमच्या अंगणात येत असतील, तिकडून वास येत असेल, आणि तुम्ही त्या बाजूच्या खिडक्या लावून घेतल्या असतील. हे वाचून झालं की जरा जाऊन या. काय म्हणतोय ते ऐकत बसू नका, तो 'बरं आहे' असंच म्हणेल. त्याला हात दाखवायला सांगा. दोन्ही.