लाल पेन्सिल सगळ्यांत आखूड

चॅनेलचा फोन मंगळवारी आला. मी भांडी पुसत होते, म्हणून यांनीच उचलला. बोलणं झाल्यावर रिसीव्हर जागेवर ठेवायला यांना दोनदा चाचपडावं लागलं. मी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"या शनिवारी शेवटची," हे म्हणाले. "त्यानंतर टीव्हीवर घोड्यांची शर्यत बंद. कायमची. शेवटची मी बोलावी, समालोचन करावं म्हणतायत."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"हो म्हणालो."

"अहो, तुम्हाला समोरच्या इमारतीची खिडकी दिसत नाही."

"खिडकी कुठं पळते? पळणारं दिसतं मला."

दिसत नव्हतं. डोळ्यांच्या डॉक्टरनं सहा महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं की मधलं दिसायचं गेलंय, कडेचं तेवढं राहील. घरात हे फक्त मला ठाऊक होतं. मुलालासुद्धा यांनी कळू दिलं नव्हतं. आणि आता हा माणूस सगळ्यांसमोर आठ घोडे ओळखायला निघाला होता. मी कपाट उघडून पेन्सिलींचा डबा बाहेर काढला. दुसरं काय सुचणार?

त्या डब्याबद्दल सांगायला हवं. आमचं लग्न झालं तेव्हा टीव्ही काळा-पांढरा होता आणि शनिवारची अख्खी दुपार शर्यतींची असायची. एक नाही, सहा शर्यती. मध्ये घोडे गोल फिरवून दाखवायचे, कुणाची पाठ कशी, कुणाचा पाय कसा, त्यावर चर्चा चालायची. आमच्या गल्लीतला न्हावी त्या वेळात कुणाच्या गालावर वस्तरा ठेवत नसे, हात हलतो म्हणायचा. पडद्यावर मात्र सगळे जॉकी राखाडीच दिसायचे. कुणाचा सदरा हिरवा, कुणाचा पिवळा, ते लोकांना कळायचं यांच्या तोंडून. आणि यांच्या तोंडी ते यायचं माझ्या कार्डावरून.

शर्यत बोलणारा माणूस आदल्या दिवशी कार्ड रंगवतो. घोड्याचं नाव आणि त्यापुढं त्याच्या जॉकीचा सदरा, रंगीत पेन्सिलीनं. रंगवता रंगवता पाठ होतं. यांना रंगवायचा मनस्वी कंटाळा, म्हणून ते काम माझ्याकडं आलं. पुढं मी बोलायच्या खोलीतही जाऊन बसायला लागले. टेबलावर बनातीचा तुकडा अंथरायचा, त्यावर पेन्सिली मांडायच्या, प्रत्येक घोड्याची एक. मैदानात हिरवा पुढं गेला की मी हिरवी पुढं सरकवायची. हे दुर्बिणीतून बघायचे, डावा हात पेन्सिलींवर असायचा. मान खाली घालावी लागत नसे. लाल सदरे सगळ्यांत जास्त, म्हणून लाल पेन्सिल सगळ्यांत आखूड, अंगठ्याएवढी. पांढरी कुणी वापरत नाही, ती जवळजवळ नव्यासारखी. यांची बोटं लांबीवरून रंग ओळखायची. निळी आणि तपकिरी सारख्याच झिजल्या, तेव्हा तपकिरीला मी दोरा गुंडाळला. लोकांना वाटायचं हे जादू करतात. मी पगारावर नव्हते, माझ्या खुर्चीला नंबरही नव्हता. ती मोडकी म्हणून बाजूला काढलेली होती.

मग एकेक करून सगळं आटत गेलं. सहाच्या चार झाल्या, चारच्या दोन. घोडे फिरवून दाखवणं बंद झालं, त्या वेळात साबणाची जाहिरात आली. मग एकच शर्यत, तीसुद्धा फुटबॉलला जागा करून. वर्तमानपत्रानंही निकालाचा कोपरा काढून टाकला आणि तिथं शब्दकोडं टाकलं. "आता आडवे शब्द पळतात," हे म्हणायचे.

या सगळ्याच्या मध्ये ती दुपार येते. अकरा वर्षं झाली. मोठी शर्यत होती. आदल्या संध्याकाळी मी ट्यूबलाइटखाली कार्ड रंगवत होते, भाजी शिजत होती, मुलाचा फोन आला होता. नारिंगी सदऱ्याला मी लाल रंग लावला. दुसऱ्या दिवशी पेन्सिलही लालच सरकवली. यांनी लाल जिंकला म्हणून ओरडून सांगितलं. जिंकला होता नारिंगी, खरा लाल चौथा होता. अख्ख्या जगाच्या कानात चुकीचं नाव गेलं. लोकांनी लिहिलं, म्हाताऱ्याचे डोळे गेले. तेव्हा यांचे डोळे गरुडासारखे होते. चूक माझी होती, आणि यांनी ती कधी कुणाला सांगितली नाही. मलाही बोलून दाखवली नाही. महिन्याभरात निवृत्ती घेतली.

म्हणजे हा शनिवार यांचा होता असं लोकांना वाटणार, पण खरं तर तो माझा होता. एक शर्यत नीट, शेवटच्या नावापर्यंत. बस, एवढंच.

शुक्रवारी मी कार्ड भर दुपारी खिडकीत बसून रंगवलं. धाकटी जाऊ लाल, निमूट निळा, पाचोळा हिरवा, असे आठही घोडे. दोनदा तपासलं, शेजारणीला बोलावून तिच्याकडून एकेक रंग वदवून घेतला. ती म्हणाली, "काकू, शाळेत नाव घातलंय का?" मी म्हटलं, "परीक्षा आहे उद्या." पेन्सिलींना टोक करायचा मोह आवरला. लांबी बदलली असती.

शनिवारी चॅनेलची गाडी आली. मैदानाबाहेर पूर्वी उभं राहायला जागा नसे, आज पहारेकऱ्यानं फाटक उघडून आम्हाला सलाम ठोकला, कारण दुसरं कुणी येतच नव्हतं. जिने तसेच होते. यांनी कठडा धरला, पायऱ्या तोंडानं मोजल्या, एकेचाळीस. वर निर्माती भेटली, आमच्या मुलाच्या वयाची, गळ्यात दोन फोन.

"सर, चार मिनिटं आहेत आपल्याला. त्यातच सगळं."

"घोड्यांना सांगितलंय का?" हे म्हणाले.

ती हसली. मग माझ्याकडं बघून विचारलं, "मॅडम इथंच बसणार?"

"ती नसेल तर मीही नाही," हे म्हणाले. इतकं कोरडं म्हणाले की तिनं लगेच एक स्टूल आणवलं.

मी बनात अंथरली. हात पदराला पुसून घेतले. आठ पेन्सिली. यांनी हेडफोन लावले, दुर्बीण डोळ्यांशी नेली. त्या दुर्बिणीतून यांना काय दिसत असेल ते माझं मला माहीत. डावा हात बनातीवर आला. मायक्रोफोनवरचा लाल दिवा लागला.

घोड्यांपुढची फाटकं उघडली आणि मी मैदानावर नजर रोवली. आणि यांचा आवाज! मी विसरलेच होते. घरात औषधांची वेळ विचारणारा आवाज हाच, यावर विश्वास बसेना. "निघाले! धाकटी जाऊ पहिल्याच उडीत पुढं, लाल सदरा, मागं कुणाला वळूनही बघत नाही! निमूट तिच्या खांद्याशी, निळा! पाचोळा हिरव्यात, अजून आतल्या बाजूला गप्प!" मी मैदानाकडं बघत सरकवत होते. लाल पुढं, निळी अर्धं बोट मागं, हिरवी आत. यांची बोटं माझ्या बोटांवरून धावत होती. पहिलं वळण झालं, दुसरं झालं. एक नाव चुकलं नाही.

तिसऱ्या वळणावर लाल दिवा विझला.

मला वाटलं, बल्ब गेला. मान वळवली तर निर्माती दारात उभी होती. हातातल्या माईकमध्ये दोन शब्द बोलून तिनं गळ्यावरून हात फिरवला. कोपऱ्यातल्या छोट्या पडद्यावर घोडे नव्हतेच. तिथं एक बंद मोटारगाडी उभी होती. कुणी फुटबॉलवाला क्लब बदलून आला होता आणि तो गाडीतून उतरायची सगळे वाट बघत होते. दार अजून उघडायचं होतं. आमचे घोडे वळण घेत होते, आणि लोक एका दाराचं हँडल बघत होते.

यांना दिवा दिसत नव्हता. हे बोलतच होते.

मी काय करायला हवं होतं? हात धरून थांबवायचं? अकरा वर्षांनी पहिल्यांदा हा माणूस सरळ बसला होता. मी निर्मातीकडं बघून ओठांवर बोट ठेवलं आणि हिरवी पुढं सरकवली.

"पाचोळा बाहेर आला! पाचोळा! धाकटी जाऊ दमली, आता तिला घर आठवलं! निमूट आणि पाचोळा, निळा आणि हिरवा, नाकाला नाक!" मी उभी राहिले होते. दोन्ही घोडे एकाच वेळी खांबाशी आले. माझेही डोळे काही विशीतले नाहीत. निळा की हिरवा? बोटांनीच ठरवलं. हिरवी पुढं ढकलली.

"पाचोळा! शेवटची शर्यत पाचोळ्याची!"

यांनी हेडफोन काढले. फळ्यावर निकाल लागला नव्हता, फोटो बघून ठरवणार होते. दोन कामगार वायरी गुंडाळायला आत आले. मला तिथून पळायचं होतं. कुणी यांना काही सांगायच्या आत, निर्मातीनं तोंड उघडायच्या आत. "चला, गाडी थांबलीय," मी म्हटलं. नवल म्हणजे यांनाही घाई होती. फोटोचा निकाल ऐकायलासुद्धा थांबले नाहीत. एकेचाळीस पायऱ्या न मोजता उतरले.

गाडीत मी काचेकडं तोंड करून बसले. नखं खाल्ली, या वयात. यांनी विचारलं, "नीट गेलं ना?"

"झकास गेलं."

"लोकांनी ऐकलं असेल."

"ऐकलं असेल की."

"हं," म्हणाले आणि काच खाली केली.

घरी आल्यावर मी आधी फोनची वायर काढायचं ठरवलं होतं. पण चपला काढेपर्यंत फोन वाजला, आणि हे खुर्चीत फोनशेजारीच होते. मुलगा होता. त्याचा आवाज मला दारापर्यंत ऐकू येत होता. "बाबा, अहो मध्येच काय झालं? आम्ही सगळे बसलो होतो, आणि एकदम ती गाडी!"

संपलं, मी मनात म्हटलं.

"हो रे," हे शांतपणे म्हणाले. "तिसऱ्या वळणालाच तोडलं. हेडफोनमध्ये त्या मुलीनं सांगितलं ना. थँक्यू सर, म्हणाली."

फोन ठेवून झाला. मी दारातच उभी, एक चप्पल पायात.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"तुला ठाऊक होतं?"

"मला दिवा दिसला!"

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही बोलत होतात! तुम्ही का नाही थांबलात?"

"तू पेन्सिली सरकवत होतीस," हे म्हणाले. "मला वाटलं, तुला अजून कळलेलं नाही. म्हटलं, हिचा डाव अर्ध्यात कशाला मोडावा."

म्हणजे निम्मी शर्यत यांनी माझ्यासाठी बोलली, आणि मी यांच्यासाठी सरकवली, आणि बाकी जगानं मोटारीचं दार पाहिलं. मला हसू आलं, मग भलतंच काहीतरी व्हायला लागलं, म्हणून मी चहा ठेवायला गेले.

चहा घेऊन आले तर हे मांडीवर बोटं वाजवत होते. "नक्की पाचोळाच ना?"

मी कप खाली ठेवला. "वाटलं तसं."

"वाटलं म्हणजे? तू हिरवी ढकललीस."

"ढकलली. पण नाकाचा मामला होता. माझे डोळे काय..."

आता बसवेना. सातच्या बातम्या लावल्या. खेळांच्या बातम्यांत तोच माणूस गाडीतून उतरला, तीनदा, एकदा सावकाश. घोड्यांचं नाव नाही. खाली पट्टी धावत होती, ती मी चष्मा लावून वाचली. पोहणं, टेनिस, सायकल. हे खोलीत येरझारा घालत होते, टेबलाला आपटत होते. "बघ परत. पट्टी परत येते." परत बघितलं. मैदानाच्या ऑफिसला फोन लावला, नुसता वाजत राहिला. वर्तमानपत्रात येणार नाही हे दोघांनाही माहीत होतं. अकरा वर्षांपूर्वी चुकलेलं नाव दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी छापलं होतं, आणि आज बरोबर की चूक हे सांगायलाही कुणी नव्हतं.

"अकरा वर्षांपूर्वीचं," मी म्हटलं, "ते माझं होतं. नारिंगी."

"माहीत आहे मला," हे म्हणाले. "शर्यत झाल्यावर त्याच संध्याकाळी कार्ड बघितलं होतं. तू नालबंदाला फोन लाव."

नालबंद मैदानाच्या मागं तबेल्यातच राहतो. म्हातारा, आमच्याएवढाच. घंटी बारा वेळा वाजल्यावर त्यानं फोन घेतला.

"वहिनी! पाचोळाच. नाकानं. फोटो दोनदा बघावा लागला त्यांना. आणि साहेबांना सांगा, आवाज अजून खणखणीत आहे."

"तुम्ही कुठं ऐकला? टीव्हीवर तर..."

"टीव्ही कशाला? तबेल्यात जुना भोंगा आहे ना, बोलायच्या खोलीतून वायर येते. ती कापायला कुणाला आठवलंच नाही. शेवटपर्यंत ऐकलं आम्ही दोघांनी."

"दोघं कोण?"

"मी आणि एक लंगडी घोडी. नाल ठोकत होतो तिला."

मी फोनवर हात ठेवून यांना सगळं सांगितलं. हे खुर्चीत बसले. कितीतरी वेळानं बसले. मग पुन्हा उठले.

"विचार त्याला," म्हणाले, "धाकट्या जाऊवरचा विनोद ऐकू आला का? आणि घोडी उभी राहिली का शांत?"