सातवी वाटी

मी बोलतोय. दचकू नका. हो, मीच. टेबलावर पडलेला, बिजागरीला चिकटपट्टी लावलेला, हातात मावणारा दोन पडद्यांचा व्हिडिओ गेम. माझा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटेल. वाटू दे. ज्यांना गोड गळा हवा असेल त्यांनी रेडिओ लावावा.

जन्माचं फार कौतुक सांगत नाही. परदेशातल्या एका कारखान्यात हजारो भावंडांबरोबर माझी जुळणी झाली आणि २००६ साली कुणा मामाच्या बॅगेतून मी देवासला आलो, शंतनूच्या वाढदिवसाला. आठ महिने त्याने माझ्यावर मोटारी पळवल्या, राक्षस मारले, अभ्यासाच्या वेळी मला उशीखाली दडवलं. मग एक दिवस जिन्यावरून मी घरंगळत खाली आलो आणि माझा वरचा पडदा फुटला. खालचा शाबूत होता, पण तेवढ्यावर शंतनूचा एकही खेळ चालेना. झालं, रवानगी बुटाच्या खोक्यात. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण माणसांनी उगाच नाही केलेली.

तिथून मला बाहेर काढलं ते शंतनूच्या चुलत बहिणीने, जान्हवीने.

"वरचा पडदा गेला ना? मग मला दे," ती म्हणाली. "मला तसाही दोन्हींचा उपयोग नाही."

आणि ती एकटीच हसली. जान्हवी तेव्हा अठरा वर्षांची होती आणि नवव्या वर्षापासून तिला दिसत नव्हतं. खरं सांगतो, मीही मनात नाक मुरडलं. म्हटलं, आगीतून फुफाट्यात पडलो. पण तिने बोटांनी माझी एकेक कळ, एकेक खाच अशी तपासली की आठ महिन्यांत शंतनूने मला तेवढं पाहिलं नव्हतं.

तिला माझ्याकडून काय हवं होतं, ते सांगायचं तर आधी वाट्यांचं सांगायला हवं.

जान्हवी बुद्धिबळ खेळायची. दिसत होतं तेव्हापासून खेळायची, आणि दृष्टी गेली तरी पट डोक्यात राहिला. त्यांच्या वसाहतीत सगळी मराठी घरं, कारखान्याच्या नोकरीपायी देवासला येऊन रुजलेली, बोलीत तिथली हिंदी मिसळलेली. गणपतीत मंडळाच्या स्पर्धा असतात, तशी बुद्धिबळाचीही. पहिल्या वर्षी ती बसली तेव्हा समोरच्याच्या चाली तिची आई, माई, शेजारी बसून सांगायची. लगेच कुजबुज झाली की माई चाली सुचवते. माई मानी बाई, ती उठली ती पुन्हा बसली नाही. त्यावर मंडळाचे सेक्रेटरी भाऊ यांनी तोड काढली. जान्हवीने खेळायचंच नाही. तिला दरवर्षी उत्तेजनार्थ बक्षीस द्यायचं, स्टीलची वाटी, वर नाव कोरलेलं.

भाऊ वाईट माणूस नाही. वाईट असते तर भांडता आलं असतं. ते जान्हवीसमोर उभे राहून माईला विचारायचे, "हिला चहा चालेल का?" आणि वाटी देताना खरोखर डोळे पुसायचे.

अशा सहा वाट्या जमल्या. माईने त्या शोकेसमध्ये ओळीने मांडल्या होत्या. जान्हवी त्यांत कधी वरणसुद्धा घेत नसे. तिला एकच हवं होतं, सगळ्यांसारखं पटावर बसायचं आणि जिंकायचं नाहीतर हरायचं.

म्हणून मी बोलायला हवा होतो. शेजारी माणूस नको, म्हणजे संशय नको. समोरच्याने पटावर केलेली चाल माझ्या खालच्या पडद्यावरही करावी आणि ती मी मोठ्याने सांगावी, सगळ्यांच्या देखत.

जगभर अशी हौशी माणसं आहेत, जी आमच्यासारख्या यंत्रांसाठी फावल्या वेळात प्रोग्रॅम लिहितात आणि फुकट वाटतात. दादांच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, जुन्या कॉम्प्युटरवर जान्हवी त्यांच्या गप्पा ऐकायची. कॉम्प्युटर तिला इंग्रजीत भराभर वाचून दाखवायचा. तिथून तिला लिहिलेलं बोलून दाखवणारा एक चिमुकला प्रोग्रॅम मिळाला. तिने तो कार्डात भरून माझ्यात खुपसला, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडलं. पण तोंड इंग्रजी निघालं. 'घोडा' म्हणायला सांगितलं तर 'गोडा' म्हणालो. शंतनू हसून लोळला.

"अरे भिया, ये तो अंग्रेज आहे! कशाला भेजा खराब करते तू?"

"तू चूप बस. इंग्रजीत शंभर अपवाद, त्यांचा कोशच अर्धी जागा खाऊन बसलाय. मराठी बरीचशी लिहिते तशी बोलते. कोश काढून टाकते आणि नियम घालते."

माझी स्मरणशक्ती म्हणजे चिमूटभर. एक घालायचं तर दुसरं काढावं लागे. पाच महिने ती रोज दुपारी बसायची. अक्षराचे आवाजाचे तुकडे करायचे, तुकडे जोडायचे, ऐकायचं, पुन्हा तोडायचं. सांधा चुकला की मी म्हशीसारखा रेकायचो. कधी मीच गोठून जायचो आणि ती बॅटरी काढून मला पुन्हा उठवायची. ती एकदाही म्हणाली नाही की बिचारा, फुटका आहे, याला एवढंच जमणार. चुकलो की म्हणायची, "पुन्हा बोल." त्या दोन शब्दांसाठी मी तिचा जन्माचा झालो.

२००८ चा गणेशोत्सव आला. जान्हवी मला घेऊन मंडपात गेली. भाऊंनी सवयीप्रमाणे माईला विचारलं, "हिला जमेल का हे?"

जान्हवीने माझी कळ दाबली. "जमेल," मी म्हणालो. भाऊ दोन पावलं मागे सरकले. नियमात खोट काढायला जागा नव्हती, मग चौदा नावांत पंधरावं नाव पडलं.

पहिला डाव प्रणवशी. कॉलेजात जाणारा, मनाने चांगला. पंधराव्या चालीला त्याने वजीर उचलून थेट जान्हवीच्या घोड्याच्या तोंडी ठेवला. मी माझं काम केलं. "वजीर, चार-पाच," मी घराचा आकडा खणखणीत सांगितला. खरं खोटं ठरवणं माझ्याकडे नाही. पण जान्हवीचे कान लाल झाले.

"प्रणव, हे काय करून राहिला तू?"

"अरे यार, गलतीसे हो गया."

"गलतीसे? मागच्या वर्षी तू या पटावर पहिला आला होतास. मी नाही घेत तुझा वजीर. पडू दे तिथेच. आता खेळ."

तिने खरोखरच वजीर घेतला नाही, दुसरीकडे प्यादं सरकवलं. मग मात्र प्रणव इरेला पेटला. जीव तोडून खेळला आणि एकतीस चालींत मात खाऊन उठला. उठताना म्हणाला, "बाप रे." अशी दाद मी तिच्या वाट्याला आलेली पूर्वी कधी ऐकली नव्हती.

दुसऱ्या फेरीत समोर आल्या बकुळामावशी. धारच्या निवृत्त गणिताच्या बाई, गणपतीला लेकीकडे देवासला आलेल्या. बसतानाच म्हणाल्या, "हे बघ मुली, मला दयामाया नाही. तीस वर्षं पोरांना नापास केलंय." आणि बोलल्या तसं केलं. एकेक चाल मी सांगत होतो आणि जान्हवीचा राजा कोपऱ्यात चेपला जात होता. शेवटचा शह मलाच जाहीर करावा लागला. आवाज कापला नाही माझा, तशी सोयच नाही. पण वाईट वाटलं. जान्हवीने मात्र मावशींचा हात शोधून घट्ट धरला. ती हसत होती.

आणि बक्षीस समारंभात भाऊंनी माइक धरला. "उत्तेजनार्थ बक्षीस, आपली लाडकी जान्हवी!"

टाळ्या झाल्या. हे होणार, हे तिला आधीच माहीत होतं. आधीची बक्षिसं चालू असताना तिने मला मांडीवर घेऊन, कानात इयरफोन घालून एकेक अक्षर जुळवून ठेवलं होतं. ती काठी टेकत एकटी स्टेजवर गेली. तोंडाने बोलली असती तर भाऊंनी "हो हो बेटा" म्हणून पाठ थोपटली असती, हे सहा वर्षांत ती शिकली होती. तिने मला माइकला लावलं आणि कळ दाबली.

मी बोललो. अख्ख्या मंडपाला ऐकू जाईल असं बोललो. "मी जान्हवी. मी दुसऱ्या फेरीत हरले. हरलेल्या बाकीच्यांना वाटी नाही. मलाही नको."

भाऊंच्या हातात वाटी तशीच. "अगं पण बेटा, आम्ही प्रेमाने देतो..." ते म्हणाले, आणि हे ते माईकडे न बघता जान्हवीला म्हणाले.

"प्रेमाने देत असाल भाऊ," आता जान्हवी स्वतःच्या तोंडाने म्हणाली, "तर पुढच्या वर्षी जोड्या पाडताना माझी चिठ्ठी सगळ्यांच्या चिठ्ठ्यांत टाका. बस."

मागून बकुळामावशींचा आवाज आला. "आणि उंट जरा लवकर बाहेर काढ गं! घरातच बसवून ठेवलास!"

सगळा मंडप हसला. त्या रात्री जान्हवी रिकाम्या हाताने घरी गेली, आणि माईने पहिल्यांदा तिला विचारलं, "कसं हरलीस, सांग तरी."

त्याला सव्वा वर्ष झालं. मधल्या गणपतीत तिची चिठ्ठी सगळ्यांच्या चिठ्ठ्यांत पडली, वाटीचं कुणी नाव काढलं नाही. मावशींशी डाव चालूच आहेत, कधी त्या इथे येतात, कधी आम्ही धारला जातो. मावशी अकरा, जान्हवी दोन. अशाच एका फेरीत, इंदूरला बस बदलताना, गर्दीत माझी बिजागरी मोडली. बॅटरीही आता दमते. शिवाय बोलणारे मोबाईल निघालेत. काल माई मला फडक्याने पुसत प्रेमाने म्हणाली, "किती केलं ह्याने! आता ह्याला शोकेसमध्ये ठेवू या, वाट्यांच्या शेजारी."

नाही. ऐका, माई, मी साफ नाही म्हणतोय. कामातून गेलो असेन तर भंगारवाल्याला द्या, माझी तक्रार नाही. मोबाईल माझ्याहून चांगलं बोलत असेल तर त्याला न्या, मी हरलो म्हणेन. पण मला उत्तेजनार्थ जपू नका. आधी चार्जर लावा आणि बघा, बोलतोय का.

रविवारी धारला जायचंय. या खेपेला उंट लवकर बाहेर काढणार आहोत.